नाकवाल्या बाईंचा कोट

माझ्या सासूबाई दारू चाखायची नोकरी करायच्या. लग्न ठरलं तेव्हा हे मी माझ्या मावशीला सांगितलं, तर तिने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हो." मी म्हटलं, "अगं, पगार मिळतो त्याचा." तर म्हणे, "मग तर मुळीच सांगू नकोस!" आता मी कुणाचं ऐकणारी असते तर काय हवं होतं? सगळ्यांना सांगितलं. आजही सांगते. कारण त्या बाईचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी फेडू शकत नाही, निदान बोलून तरी दाखवते.

आमच्या गावाच्या कडेला एक बाटल्या भरायचा कारखाना आहे. तिथे बरबन नावाची व्हिस्की पिंपांनी येते. आम्ही ती बनवत नाही. आलेल्या पिंपांतली चांगली निवडायची, दोन-चार पिंपं एकमेकांत जुळवायची, बाटल्या भरायच्या, लेबल लावायचं. निवडायचं काम सासूबाईंचं. कारखान्यात त्यांना सगळे 'नाकवाल्या बाई' म्हणायचे. मालकसुद्धा. तोंडावर म्हणायचे, आणि त्या ओ द्यायच्या.

मला आधी वाटायचं दारू म्हणजे दारू, त्यात काय निवडायचं? पण तसं नाही. बरबन मक्याची. निम्म्याहून जास्त मका, आणि मुरते ती ओकच्या कोऱ्या पिंपात, तेही आतून जाळून कोळसा केलेल्या. इथवर सगळ्या सारख्या. स्वभाव ठरतो तो उरलेल्या धान्यावर. राय नावाचं धान्य जास्त घातलं तर ती मिऱ्यासारखी तिखट. नाकात आधी शिरते आणि मग विचारते, येऊ का? रायऐवजी गहू घातला तर मऊ, ताज्या पावासारखी, आणि व्हॅनिला सगळ्यात पुढे. मकाच मका असेल तर नुसती गोड गोड, लाडावलेली. फार वर्षं पिंपात राहिली की धान्य गप्प बसतं आणि लाकूडच बोलायला लागतं. आणि पिंपातून निघाली तशी, पाण्याचा थेंब न घालता भरलेली एक असते, ती तर पहिल्याच वासाला डोळ्यांतून पाणी काढते. हे सगळं मला आईंनी शिकवलं. आई म्हणजे सासूबाईच. पुढे आई म्हटलं की त्याच समजा.

तर अशा बाईच्या घरात मी सून म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. घरात कसलाच वास चालायचा नाही. साबण बिनवासाचा, तेल बिनवासाचं, तोंडाला पावडर नाही, फोडणी टाकायची ती आई कामावर गेल्यावर. माझ्या लग्नात आलेल्या अत्तराच्या बाटल्या मला शेजारच्या मुलीला द्याव्या लागल्या. मी रडले, आदळआपट केली, नवऱ्याला म्हटलं, "हे घर आहे की दवाखाना?" नवरा म्हणाला, "मी लहानपणापासून असाच वाढलोय." त्याचा काही उपयोग नाही, तेव्हाही नव्हता. सासरे मात्र हसले. म्हणाले, "सूनबाई, या घरात नाक एकच आहे, आणि ते आपण भाड्याने दिलंय. जरा सांभाळून घ्या."

त्यांचं ते वाक्य खरंच होतं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, वासच यायचा नाही. लहानपणी मोठा ताप आला, त्यात गेला तो गेला. वास म्हणजे काय असतो हेही त्यांना आठवत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर घरातलं धुणं स्वतःकडे घेतलं, कारण आईंच्या हातांना साबण लागलेला चालत नसे. आईंचे कामावरचे पांढरे कोट ते असे कडक इस्त्री करायचे, की खुर्चीवर ठेवला तर माणूस बसलाय असं वाटावं.

आणि संध्याकाळी एक कार्यक्रम ठरलेला. आई घरी आल्या, चहा झाला की बाबा खुर्ची पुढे ओढायचे आणि म्हणायचे, "हं, आज काय काय?" मग आई त्यांना दिवसभराचे वास सांगायच्या. ज्या माणसाला वास आठवतच नाही त्याला वास कसा सांगायचा? आई त्यांच्या भाषेत सांगायच्या, रस्त्याच्या.

"आज एक रायवाली होती. अहो, खडी टाकलेला रस्ता. स्टिअरिंग हातात थरथरतंय, पण गाडी मजेत चाललीय."

"आणि गव्हाची?"

"नवीन डांबर. सुट्टीची सकाळ. गिअरला हात लावायचं काम नाही."

"आणि ती लाकूडवाली?"

"ती म्हणजे तुमचा तो जुना घाट. एकेक वळण मोजून घ्यायचं. मागे कोणी बोललं तर राग यावा अशी."

बाबा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच विचारायचे, "वळण डावीकडचं की उजवीकडचं?" आणि आई खरोखर विचार करून उत्तर द्यायच्या! मला आधी वेड लागलेली माणसं वाटली ही. मग मीही चहा घेऊन तिथेच बसायला लागले.

मला नोकरी लावली तीही आईंनीच. लग्नानंतर मी घरात बसून सगळ्यांवर खेकसत होते. एका सकाळी त्या म्हणाल्या, "तुझा राग मला चालेल, पण तो रिकामा बसून नासतोय. चल माझ्याबरोबर." आणि घेऊन गेल्या नमुने चाखायच्या खोलीत. काम सोपं होतं. पिंपातून आणलेले नमुने ग्लासांत ओतायचे, मोजून पाणी घालायचं, वर काचेची झाकणी ठेवायची, संपले की ग्लास धुवायचे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. माझ्या माहेरी आम्ही पाच भावंडं, मी मधली. 'तू गप्प बस' हे माझं दुसरं नाव होतं. मला काय वाटतं हे कुणी विचारायचंच नाही, म्हणून तर मी ओरडून सांगायला शिकले. आणि ही बाई शांतपणे विचारतेय आणि उत्तराची वाट बघतेय. मी घाबरून म्हटलं, "ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय." त्या हसल्या नाहीत. पुन्हा वास घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "मला नाही येत. पण तुला येतोय ना? मग आहे." निम्म्या वेळा मी साफ चुकायचे. तरी पुढचा ग्लास यायचा तो यायचाच.

त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच सवयीने झालं. दोन ग्लासांच्या मध्ये त्या हात कोपरात दुमडायच्या, कोपराच्या खोबणीत नाक घालायच्या आणि एक लांब श्वास घ्यायच्या. चाखणारे बरेच जण असं करतात. माणसाला स्वतःच्या अंगाचा वास कळत नाही. रोज तोच असतो ना, नाक त्याची दखल घ्यायचं सोडून देतं. म्हणून तिथे जाऊन यायचं, नाक कोरं होतं, आणि पुढचा ग्लास उचलायचा. आई त्याला 'पाटी पुसणं' म्हणायच्या.

एका थंडीत आईंना जबर सर्दी झाली. आठवडाभर अंथरुणावर होत्या. बऱ्या होऊन कामावर गेल्या, आणि त्यांचं नाक बिघडलं.

सगळं बिघडलं नव्हतं. तीच तर गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. रायवाली बरोबर ओळखायच्या. मिरी, पुदिना, लाकूड, सगळं जागच्या जागी. पण गव्हाची समोर आली की कपाळाला आठ्या. "पाणचट आहे. यात काहीच नाही." मक्याची गोड, तीही रिकामी. चांगली चांगली पिंपं त्या बाजूला सारायला लागल्या. मालकांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, हे पिंप तुम्हीच मागच्या वर्षी डोक्यावर घेतलं होतं."

आईंनी पुन्हा वास घेतला. पाटी पुसली, पुन्हा घेतला. आणि मग मला हळूच म्हणाल्या, "व्हॅनिला जातोय माझा." व्हॅनिला गेला म्हणजे बरबनमधलं काय उरलं? पिंपाच्या जळक्या लाकडातून येणारा तो वास म्हणजे तिचा कणाच. आणि आमचा कारखाना चालतो गव्हाच्या बाटलीवर. बाकीच्या बाटल्या म्हणजे तोंडी लावणं. वर्षातून एकदा निवडीचा दिवस असतो, त्या दिवशी वर्षभराच्या गव्हाच्या बाटलीसाठी पिंपं ठरतात. तो दिवस जवळ येत होता.

आई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मालकांना त्यांनी सरळ सांगून टाकलं. मालक भला माणूस. म्हणाला, "निवडीच्या दिवसापर्यंत थांबू. बाहेरून एक जाणकार बोलावतो, तुमच्या शेजारी बसेल. तुमचं नाक आलं तर उत्तम." नाही आलं तर काय, हे तो बोलला नाही. आई घरी येऊन मला म्हणाल्या, "नाही आलं तर त्याच टेबलावरून उठून राजीनामा देईन. ओळखता येत नसताना मी त्या खुर्चीत बसणार नाही. आणि ह्यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये."

बाबांना कसं कळणार? संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम चालूच होता. "आज काय काय?" आणि आई सांगतच होत्या. नवीन डांबर, सुट्टीची सकाळ. मी बघायचे, तर बाबा खूश. मी चहाचे कप उचलून आत जायचे, आणि भांड्यांवर राग काढायचे.

नेमकं तेव्हाच माझ्या आईचं, म्हणजे सख्ख्या आईचं, डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला माहेरी जावं लागलं. मी म्हटलं, "आत्ता कशी जाऊ?" सासूबाई म्हणाल्या, "तुझी आई आहे ती. माझ्या नाकाला धरून तू बसलीस म्हणून काय ते परत येणारेय?" गेले. माहेरी दोन आठवडे राहिले, तिथेच कपडे धुतले, तिथला साबण वापरला, आणि निवडीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परत आले.

दार उघडलं आणि मला गोड वास आला. मंद, पण घरभर. मला वाटलं बाबांनी माझ्यासाठी केक आणलाय. स्वयंपाकघरात गेले, झाकणं उघडून बघितली, काही नव्हतं. प्रवासाने दमले होते, म्हटलं शेजारून येत असेल. जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी निवड. लांब टेबल, पांढरं कापड, ग्लासांच्या रांगा. एका टोकाला मालक, मध्ये ते बाहेरचे जाणकार पाहुणे, त्यांच्या शेजारी आई. आईंनी बाबांनी इस्त्री केलेला कोट घातला होता. निवड चालू असताना कुणी एक शब्द बोलायचा नाही असा आमच्याकडे कडक नियम. एकाचं मत ऐकलं की दुसऱ्याचं नाक फितूर होतं. मी ग्लास मांडत होते.

पहिला ग्लास. आईंनी वास घेतला, चिठ्ठीवर काही लिहिलं. कोपरात नाक घातलं, लांब श्वास. दुसरा ग्लास. वास. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा कोपर. तिसरा. मी चौथा ग्लास ठेवायला त्यांच्यावरून वाकले, आणि माझ्या नाकाशी त्यांची बाही आली.

केक.

मी ग्लास तसाच हातात धरून उभी. हा कालचा वास. घरातला वास. पण घरात केक नव्हता. मग काय होतं? आईंचा कोट होता, उशीचे अभ्रे होते, पडदे होते, बाबांच्या हातचं सगळं धुणं होतं. मी त्यांचा हात धरला, बाही नाकाला लावली आणि खच्चून वास घेतला. व्हॅनिला! कपड्याच्या पावडरीतला सरळ सरळ, ढळढळीत व्हॅनिला! आणि ही बाई प्रत्येक ग्लासाआधी त्यातच नाक बुडवून येतेय! नाकाला एकच वास सारखा पाजला की नाक तोच वास घेईनासं होतं. त्या पाटी पुसत नव्हत्या. व्हॅनिलाच पुसत होत्या.

"आई, कोट काढा!" मी ओरडले.

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. मालक उठून उभे राहिले. "अहो, काय चाललंय? निवड चालू आहे!"

"निवड गेली खड्ड्यात!" मी म्हटलं. मालकांना म्हटलं! "यांच्या कोटाला व्हॅनिला लागलाय. यांचं नाक ठणठणीत आहे. कोट खराब आहे!"

पाहुणे किंचित हसले. म्हणाले, "ताई, या खोलीत सगळ्यालाच व्हॅनिलाचा वास येणार. बरबनची खोली आहे ही." आणि ते काही चुकीचं बोलत नव्हते. म्हणूनच तर इतके दिवस कुणाला आला नाही! त्या खोलीत तो वास म्हणजे माशांच्या बाजारात मासा. मला बाहेरून आल्यामुळे कळलं, माझे कपडे माहेरचे होते म्हणून. पण हे त्या क्षणी नीट सांगता येईल तर ना. माझं डोकं फिरलेलं, आवाज चढलेला, आणि सगळ्यांच्या तोंडावर तोच लहानपणापासूनचा भाव, हिला कुणीतरी गप्प बसवा.

आई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःची बाही नाकाला लावली. लांब श्वास घेतला. आणि म्हणाल्या, "मला काहीच येत नाहीये."

मी खचलेच. आणि त्या पुढे म्हणाल्या, "पण तिला येतोय ना? मग आहे." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कोटाची बटणं काढायला लागल्या.

मालकांना त्यांनी थोडी उसंत मागितली. मालक पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "चहा घेऊ." आम्ही दोघी मागच्या मोरीत गेलो. आईंनी दंडापर्यंत हात साध्या पाण्याने खसखसून धुतले, मानही धुतली. मी माझा माहेरी धुतलेला कोट त्यांना दिला. तो त्यांना इतका घट्ट की दोन बटणं लागेनात. "श्वास सोडू नका, फाटेल," मी म्हटलं. तर म्हणतात कशा, "श्वासासाठीच तर चाललंय सगळं!" आम्ही दोघी त्या मोरीत हसत सुटलो. मग त्या एकदम थांबल्या.

मागच्या अंगणात रिकामी पिंपं रचलेली होती. त्यांच्यापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला, आम्ही एका उलट्या खोक्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "आणि कोट नसला तर? खरंच नाक गेलं असेल तर?"

"नाही गेलेलं."

"तुला माहितीय, खुर्ची गेली तर मी रडेन आणि गप्प बसेन. वय झालंच आहे. पण रोज संध्याकाळी ते विचारतात ना… मी दोन महिने बनवून सांगतेय गं. मागच्या वर्षीचं आठवून सांगते. ते डोळे मिटून ऐकतात, आणि मी खोटं सांगते. त्या माणसाकडे दुसरं नाकच नाहीये." आणि त्या रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी रागावले. "नाकात पाणी आणू नका! आत्ताच धुतलंय!" म्हटलं. त्यांनी डोळे पुसले.

ती पावडर आली कुठून हेही तिथेच जुळलं. आई सर्दीने झोपून होत्या त्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते की बिनवासाचा खोका दुकानात यायचा बंद झालाय, दुकानदाराने दुसरा दिलाय, 'याला वास म्हणजे नावालाच' असं म्हणाला. बाबा बिचारे हुंगून बघणार कसे? आईंचं नाक चोंदलेलं. ते मोकळं झालं तोवर घरभर तोच वास मुरलेला. आणि मी? मी त्याच घरात त्याच उशीवर झोपत होते.

बराच वेळ बसलो. वारा चांगला होता. मग आई उठल्या.

टेबलावर मी नव्याने ग्लास मांडले. पहिली रायवाली, नुसतं नाक जागं करायला. आईंनी वास घेतला, मान हलवली, लिहिलं. पाटी पुसली, उघड्या मनगटावर. दुसरा ग्लास गव्हाचा, मागच्या वर्षी डोक्यावर घेतलेल्या पिंपातला. त्यांनी झाकणी काढली. नाक जवळ नेलं. तोंड किंचित उघडं, जसं त्या नेहमी ठेवतात. आणि तशाच राहिल्या.

मला वाटलं संपलं. मालकांनी खाली बघितलं.

आईंनी ग्लास खाली ठेवला नाही. दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं, आणि पुन्हा वास घेतला, आणि पुन्हा. नियम मोडून त्या एकच शब्द बोलल्या. "आला."

त्या दिवशीची पिंपं त्यांनीच निवडली. पाहुण्यांची आणि त्यांची यादी जवळपास जुळली. जिथे जुळली नाही तिथे मालकांनी आईंचं ऐकलं आणि पाहुण्यांनी तक्रार केली नाही. मी मालकांची माफी मागायला गेले, तर ते म्हणाले, "पुढच्या वेळी खड्डा कुठला ते आधी सांगा, म्हणजे आम्ही बाजूला होऊ." आणि पुढच्या वर्षी टेबलाला एक खुर्ची वाढवली. त्या खुर्चीवर मी बसते. आई निवृत्त झाल्या, मी आहे तिथेच. हे सगळं त्या बाईने दिलं. नुसतं नाक नाही हो, नाक तर सगळ्यांनाच असतं. माझं म्हणणं खरं धरून स्वतःचा कोट काढणारं माणूस मला मिळालं, आणि मी देवाला रोज हात जोडते ते त्यासाठीच.

पण ती संध्याकाळ राहिलीच. घरी जाताना आई वाटेत म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं नाही."

"अहो, पण पावडर बदलायला तर लागेल ना?"

"कोट उद्यापासून कारखान्यात धुऊ. बाकीचं राहू दे. त्यांनी मला त्रास दिला असं त्यांना वाटलं, तर ते पुन्हा धुण्याला हात लावणार नाहीत. मला ते नकोय."

घरी आलो. चहा झाला. बाबांनी खुर्ची ओढली. "हं, आज काय काय?" आणि आईंनी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी त्या थांबेचनात! प्रत्येक पिंपाचा रस्ता, प्रत्येक वळण, कुठे चढ, कुठे पूल. बाबा म्हणाले, "आज लांबची फेरी झाली." मी आईंच्या सकाळच्या कोटाची घडी पिशवीतून काढून मोरीकडे निघाले होते. बाबांनी ती बघितली, आणि जरा चाचरत आईंना म्हणाले, "अगं, एक विचारू? ती नवीन पावडर. मी दोन महिने वाट बघतोय तू काही बोलशील म्हणून. दुकानदार म्हणाला मंद वास आहे. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं वाईट असेल, आणि तू माझ्यासाठी गप्प बसलीयेस."

आईंनी माझ्या हातातून कोट घेतला. दोन्ही हातांनी तो तोंडाशी नेला आणि लांब, अगदी लांब श्वास घेतला. आता त्यांना तो वास येत होता.

"अहो, ऐका," त्या म्हणाल्या. "तुमची शेवटची फेरी झालीय. सगळे उतरलेत. गाडी डेपोत लावलीत, इंजिन बंद केलंत. आता घरी जायचंय, पण तुम्ही उठत नाही. स्टिअरिंगवर हात तसेच. काचेतून थोडं ऊन येतंय, सीट गरम आहे, आणि दिवसभरात कुणाला काही लागलेलं नाही, सगळे आपापल्या घरी पोचलेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसा आहे हा वास."

बाबा डोळे मिटून बसले होते.

"मी रोज अंगावर हे घेऊन जात होतीस का तू?" असं काहीतरी उलटंसुलटंच ते म्हणाले.

"रोज," आई म्हणाल्या.